सकाळी पंचवीस, दुपारी सतरा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी सांगलीचा, वय ४८. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आईला काचबिंदू आहे. तिचा एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यानं समोरचं तेवढं दिसतं. मला काहीच त्रास नाही, लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला फक्त चष्मा लागतो. फेब्रुवारीत मंडळाच्या नेत्रशिबिरात सकाळी साडेआठला हवेच्या फुंकरीच्या मशीनवर डोळ्यांचं प्रेशर पाहिलं, तर उजवा २५, डावा २३. घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं दुपारी तीन वाजता १७ आणि १६ आलं. पंधरा दिवसांनी संध्याकाळी १९ आणि १८. आता डॉक्टर म्हणतात, एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबा, दर तीन तासांनी मोजू, शिवाय फील्ड म्हणजे नजरेच्या कडांची तपासणी आणि ओसीटी म्हणजे नसेचा फोटो, तेही करू. घरचे म्हणतात, नॉर्मल आलंय तर कशाला पैसे घालवता. एक मित्र रोज शीर्षासन करायला सांगतो. मशीन खोटं की डॉक्टर? बीपीची गोळी चालू आहे, रात्री झोपताना घेतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर :

नमस्कार दादा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मशीनही खोटं नाही आणि डॉक्टरही. तो एक दिवस काढाच. घरचे ज्याला नॉर्मल म्हणतात ते दुपारी तीनचं नॉर्मल आहे. सकाळी साडेआठला तुमच्या डोळ्यात काय चाललेलं असतं, ते त्यातून कळत नाही.

तुम्ही सांगलीचे, त्यामुळे मला फार समजवायला नको. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे माणूस उठला की चहाच्या आधी विचारतो, 'आयर्विनला किती फूट?' म्हणजे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी किती चढलं. कुणी '३८' म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न, 'कितीचं?' म्हणजे किती वाजताचं. रात्री झोपताना पाणी कमी होतं म्हणून निवांत झोपलेली आणि पहाटे पायरीशी पाणी बघितलेली माणसं आपल्या गावात घरोघर आहेत. कोयनेतून किती सोडलं आणि पुढे अलमट्टीतून किती उतरतंय, यावर पातळी हलते. डोळ्यातला हिशेबही असाच असतो, पाणी तेवढं थेंबभर.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या मागे एक ग्रंथीसारखा पट्टा आहे, तो दिवसा मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर पाणी तयार करतो. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ व पारदर्शक पडदा मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून रक्तात निचरतं. दीड-दोन तासांत सगळं पाणी बदललेलं असतं. येणं आणि निचरणं यांचा मेळ म्हणजे प्रेशर. जाळी चोंदली की पातळी चढते, आणि तो दाब सोसावा लागतो मागे मेंदूकडे जाणाऱ्या नसेला.

आता गंमत बघा. रात्री झोपेत पाणी तयार व्हायचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे प्रेशर उतरायला हवं. होतं उलटं. आपण आडवे झालो की डोळ्यातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांतला दाब वाढतो, निचऱ्यालाच फुगवटा लागतो आणि प्रेशर वर सरकतं. बऱ्याच जणांचा सगळ्यात चढा आकडा पहाटे किंवा उठल्या उठल्या मिळतो. मग माणूस हिंडू-फिरू लागला की तो उतरत जातो. सगळ्यांचंच असं नसतं. कुणाचं दुपारी चढतं, कुणाचं आज सकाळी तर महिन्यानं संध्याकाळी. निरोगी डोळ्यातही दिवसभरात तीन ते सहा अंकांचा फरक पडतो, त्यात काही वावगं नाही. काचबिंदूच्या डोळ्यात तो दहाच्या पुढेही जातो.

आमचे दवाखाने उघडतात दहाला. पेशंटचा नंबर लागेपर्यंत साडेअकरा. म्हणजे कित्येकांचा वरचा आकडा आमच्या हाती लागतच नाही. तो आम्ही कुलूप काढायच्या आधीच येऊन गेलेला असतो. तुमचं शिबिर सकाळी साडेआठला होतं, हे तुमचं नशीब.

तरी त्या २५ वरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फुंकरीचं मशीन चाळणीसाठी ठीक आहे. पण फुंकर येणार म्हणून माणूस डोळे गच्च आवळतो, श्वास रोखतो, गळ्याशी बटण घट्ट असतं, पुढे वाकून हनुवटी टेकताना पोट दाबलं जातं. या प्रत्येकानं आकडा दोन-चारनं फुगू शकतो. डॉक्टरांनी बहुतेक बधिर करणारा थेंब टाकून, पिवळा रंग लावून, निळ्या दिव्यात डोळ्याला टेकवून मोजलं असेल. ती गोल्डमन पद्धत. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये निघालेली आणि आजही आमचा मानदंड तीच आहे. तुमच्या २५ आणि १७ मध्ये वेळेचा फरक किती आणि मशीनचा किती, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. एकाच मशीनवर, एकाच माणसानं, दिवसात चार-पाच वेळा मोजलं तर सांगता येईल. डॉक्टर तेच करायला सांगताहेत.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते. हळदीच्या यार्डात सौद्याच्या दिवसांत धुळीनं डोळे चुरचुरतात, लाल होतात. मग कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणून देतं, टाकले की दहा मिनिटांत गार वाटतं, आणि ती बाटली गल्ल्याच्या खणात वर्षानुवर्षं राहते. तुमच्या खणात आहे का? असेल तर बाहेर काढा आणि बारीक अक्षरांतलं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. काही लोकांचं प्रेशर या थेंबांनी दोन-चार आठवड्यांत चढतं, आणि ज्यांच्या आईवडिलांना काचबिंदू आहे त्यांच्यात हे जास्त होतं. थेंब बंद केले की बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. म्हणजे फेब्रुवारीत ऐन सौद्यात २५ आणि नंतर १७, याचा उलगडा कदाचित त्या बाटलीतच असेल. दम्याचा पंप, सांधेदुखीच्या गोळ्या, मानेला लावायचं मलम, कुणी दिलेली बिननावाची पुडी, यांतही स्टिरॉइड असू शकतं. डॉक्टरांना सगळं सांगा. कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टिरॉइड मात्र मनानं एकदम बंद करू नका. मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं असेल तर ते आजच कचऱ्यात.

मी हे तिखट लिहिते, कारण लाल डोळ्याला विकत आणलेल्या थेंबांनी अंधत्वाकडे गेलेली तरुण पोरं मी तपासली आहेत.

पुन्हा नदीकाठी येऊ. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पण सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस ४५ ची वाट बघत बसतो का? चाळिशीच्या आसपासच त्याचं सामान वरच्या मजल्यावर जातं. विश्रामबागेत त्याच वेळी लोक भडंग खात टीव्हीवर पूर बघत असतात. तेच पाणी, तोच आकडा, घर कुठल्या उंचीवर आहे त्यावर सगळं. डोळ्याच्या नसेचं हेच आहे. १० ते २१ ही प्रेशरची 'नॉर्मल' हद्द बहुसंख्य लोकांच्या मोजमापांवरून काढलेली आहे. तुमच्या नसेला विचारून कुणी ठरवलेली नाही. कुणाची नस २६ वर वीस वर्षं धडधाकट राहते, कुणाची १६ वर झिजते. भारतातल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदू सापडला त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना तो आपल्याला आहे याचा पत्ता नव्हता, आणि बऱ्याच जणांचं तपासणीच्या वेळचं प्रेशर २१ च्या आतच होतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकले. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. नात्यातले एक काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, जवळचा चष्मा करायला आले. प्रेशर १६. बाहेर रांग होती, काकांनाही गाडी पकडायची घाई. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की दोन-तीन तास धूसर दिसतं, म्हणून मी टाकले नाहीत. चष्म्याचा नंबर लिहून दिला. चार वर्षांनी एका लग्नात पंगतीतून उठताना त्यांच्या पायानं पाण्याचा जग उडाला. भरलेला, चकचकीत स्टीलचा जग, दोन पावलांवर. 'काका, डोळे कुठं आहेत?' म्हणून सगळे हसले, तेही हसले. माझ्या घशात घास अडकला. कारण मग जिन्यावर त्यांचं पाऊल चाचपडत पडताना मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दवाखाना उघडून तपासलं. प्रेशर २६, आणि दोन्ही नसांची वरची कड झिजून गेलेली. नसेची वरची कड गेली की माणसाला खालचं दिसेनासं होतं : उंबरठा, पायरी, पाण्याचा जग. तो सोळाचा आकडा मी किती वाजता घेतला होता, ते मी कार्डावर लिहिलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे प्रेशरच्या शेजारी वेळ लिहिल्याशिवाय कार्ड पुढे सरकत नाही.

म्हणून, दादा, 'लांबचं स्वच्छ दिसतं' यावर विसंबू नका. काचबिंदू आधी कडेचं खातो. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू अंदाजानं रंगवतो. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले बरेच जाईपर्यंत फील्डच्या तपासणीतही काही दिसत नाही, मग माणसाला स्वतःला कुठून जाणवणार? आणि गेलेले तंतू परत येत नाहीत. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि लख्ख दिसलं, असं इथे नाही. आपल्याकडे अजूनही लोक 'काचबिंदू पिकला की काढू' म्हणतात. तो पिकायची वाट बघायची नसते.

आता तपासण्या. एक, कोपरा बघणं. बधिर करून डोळ्यावर एक आरशाचं भिंग ठेवतात आणि पाणी निचरायची जागा उघडी आहे की अरुंद, ते बघतात. ही तपासणी गर्दीत हमखास राहून जाते. 'डॉक्टर, गोनिओस्कोपी झाली का?' असं तुम्ही सरळ विचारा, कुणी रागावणार नाही. दोन, बाहुली मोठी करून नस बघणं. नसेच्या तोंडाशी मधोमध खळगा असतो, बशीत कपासाठी असतो तसा. खळगा बशीच्या मानानं मोठा होत चालला, किंवा एका डोळ्यात लहान आणि दुसऱ्यात मोठा दिसला, की आमचे कान टवकारतात. त्या दिवशी स्कूटर घेऊन जाऊ नका. आणि बाहुली मोठी करायचे थेंब दिवसभराच्या मोजण्या संपल्यावर टाकायचे, आधी नाही, कारण त्यांनी आकडे हलू शकतात. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची जाडीही मोजून घ्या, एकदाच लागते. पडदा पातळ असेल तर मशीन प्रेशर कमी दाखवतं, जाड असेल तर जास्त. 

फील्डची तपासणी कंटाळवाणी आहे, आधीच सांगते. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं. कडेला कुठंतरी बारीक उजेड लुकलुकतो, दिसला की बटण दाबायचं. कितीतरी उजेड मुद्दामच इतके मंद असतात की ते दिसत नाहीत. तेव्हा माणसाला वाटतं, झालं, आपण आंधळे व्हायला लागलो. तसं नसतं. पहिली फील्ड पुष्कळांची खराब येते, हात बसायला वेळ लागतो. एका फील्डवरून घाबरू नका, आणि डॉक्टरांनी दुसऱ्यांदा करायला सांगितली तर 'पैसे काढतात' म्हणू नका. ओसीटी म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारा फोटो. खर्चाची ओढाताण असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आकड्यांचा दिवस, कोपरा, नसेची तपासणी आणि फील्ड आधी करून ओसीटी दोन महिन्यांनी केली तर आभाळ कोसळत नाही, असं माझं मत. पण जुना फोटो पुढे तुलनेला फार कामी येतो, तेव्हा ती कायमची टाळू नका.

मोजणीच्या दिवशी घरून नेहमीसारखे निघा. चहा घ्या, जेवा, मधल्या वेळात गणपतीला जाऊन या. एक करू नका : उन्हातून आलात म्हणून तांब्याभर पाणी घटाघट पिऊ नका. लिटरभर पाणी एकदम प्यायलं की तासाभरात डोळ्याचं प्रेशर चढतं. एके काळी निचरा तपासायला आम्ही मुद्दाम असं पाणी पाजायचो.

मित्राला नमस्कार सांगा आणि शीर्षासन त्यालाच करू द्या. त्या आसनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, पाय खाली आले की उतरतं. निरोगी माणसाला ते चालून जातं. आई काचबिंदूची आणि स्वतःचा एक आकडा २५, अशा माणसानं डोकं खाली करायचं कारण नाही. श्वास रोखून पोतं उचलणंही टाळा. रोज नदीकाठानं भराभर चालत जा, त्यानं प्रेशर थोडं उतरतंच.

बीपीची गोळी. नसेला रक्त पोचतं ते बीपीच्या जोरावर, आणि डोळ्याचं प्रेशर त्याला अडवतं. पहाटे प्रेशर चढलेलं आणि झोपताना घेतलेल्या गोळीनं बीपी फार उतरलेलं, असं एकाच वेळी झालं तर नसेची उपासमार होते. म्हणून गोळी रात्री घेता हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, आणि प्रेशरचे आकडे फिजिशियनना दाखवा. वेळ बदलायची का, ते दोघं ठरवतील. तुम्ही मनानं बदलू नका. बीपी वाढून दुसरंच काही होऊन बसेल.

समजा, सगळं झालं, नस ठीक निघाली आणि प्रेशर तेवढं पंचविशीत राहिलं, तर? २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. प्रेशर २४ ते ३२, पण नस आणि फील्ड शाबूत, अशा १,६३६ जणांपैकी निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांना दिले नाहीत. पाच वर्षांत थेंब न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के. थेंबांनी धोका निम्मा झाला, हे खरं. पण थेंब न घेताही शंभरातले नव्वद पाच वर्षं ठीक राहिले, हेही तितकंच खरं. म्हणजे लगेच थेंब लागतीलच असं नाही. आईचा इतिहास, पडद्याची जाडी, खळग्याचा आकार बघून डॉक्टर ठरवतील. लागलेच तर बहुधा रात्रीचा एक थेंब, आणि तो चुकवायचा नाही.

आईंच्या उरलेल्या डोळ्याचे थेंब वेळेवर जाताहेत ना, तेही बघा. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबायचा, दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं सोडायची. आणि तुमचे सख्खे भाऊ-बहिणी चाळिशीच्या पुढे असतील तर त्यांनाही तपासायला पाठवा, लग्न होऊन कऱ्हाडला गेलेली बहीण धरून. सासरचा पत्ता बदलला तरी डोळे आईचेच असतात.

कधी संध्याकाळी अंधारून येताना एक डोळा एकाएकी ठणकायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली आणि उलट्या झाल्या, तर पित्ताची गोळी घेऊन झोपू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा. तो काचबिंदूचा दुसरा प्रकार, तो तासांत डोळा घेतो.

सौदे नसतील असा दिवस धरा. पहिली मोजणी आठची मागा. डॉक्टर दहाशिवाय येत नसले तरी तपासनीस लवकर येतात, त्यांना गळ घाला. सगळे आकडे वेळेसकट एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाइलीत वरच लावा. मला परत लिहाल तेव्हा ते आकडे कळवा. आणि हो, गल्ल्यातल्या त्या बाटलीवरचं नावही.